१/६ प्रमाणाच्या स्पिटफायरचे लँडिंग गिअर : चाके कुठे यावीत आणि पंखात कशी बसवावीत?

बाल्साभुसा (प्रश्नकर्ता)

नमस्कार मंडळी.

गेल्या दीड वर्षापासून मी स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचे १/६ प्रमाणातील मॉडेल बांधत आहे. मूळ विमानाचा पंखविस्तार ११.२३ मीटर, म्हणून मॉडेलचा सुमारे १८७ सेंटिमीटर आला आहे. मोटर, बॅटरी आणि रंग धरून वजन ५.२ किलोग्रॅमच्या आसपास राहील असा अंदाज आहे. पंखाच्या रिब (फासळ्या) आणि स्पार (लांबीच्या दिशेचे कणे) जोडून झाले आहेत, परंतु खालच्या बाजूचे बाल्साचे आवरण मी मुद्दाम अजून चिकटवलेले नाही, कारण लँडिंग गिअरच्या बाबतीत माझा निर्णय होत नाही.

निर्णय न होण्याचे कारण माझे आधीचे मॉडेल आहे. तेही शेपटीखाली चाक असलेलेच विमान होते. गवतावर उतरताना चार वेळा नाकावर उलटले आणि चौथ्या वेळी डावा पाय बेअररसकट (पाय ज्यांवर बोल्टने बसतो त्या लाकडी आधारांसकट) पंखातून उपटून निघाला. चूक वैमानिकाची होती की आराखड्याची, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. बहुधा दोघांनी ती वाटून घेतली असावी.

आता या मॉडेलची मापे देतो. विमान उड्डाणाच्या स्थितीत, म्हणजे शेपूट उचलून सरळ ठेवले असता सीजी (गुरुत्वमध्य) जमिनीपासून २९० मिमी उंचीवर येतो. चाकाची आस सीजीच्या ६० मिमी पुढे पडते. दोन चाकांमधील अंतर २९० मिमी असून ते मूळ विमानाच्या प्रमाणात आहे. पायाची लांबी, बिजागराच्या मध्यापासून आसेपर्यंत, १९० मिमी आहे. चाकाचा व्यास १०० मिमी आणि जाडी ३० मिमी आहे. चाक जिथे पंखात शिरते तिथे आतील मोकळी खोली ३८ मिमी मिळते आणि चाकाची पुढची कड मुख्य स्पारपासून १२ मिमी मागे राहते. विद्युत रिट्रॅक्ट युनिट (पाय पंखात मिटवणारी यंत्रणा) ९० अंशांत वळणारे असून पाय बाहेरच्या दिशेने मिटतो.

माझे प्रश्न असे आहेत. चाके याहून पुढे घ्यावीत का, आणि घ्यायची तर पंखातील खोबणीशी जुळवून कशी? चाकांमधील अंतर फार कमी वाटते, ते थोडे वाढवण्याची लबाडी करावी का? पायात स्प्रिंगचा ओलिओ (दबून धक्का झेलणारी नळी) वापरावा की साधी पियानो वायर (कडक पोलादी तार)? आणि बेअरर पुन्हा उपटू नयेत म्हणून नेमके काय करावे?

---

ओळंबा

सविस्तर मापे दिल्याबद्दल आभार. बहुतेक प्रश्नांत ‘चाके थोडी पुढे आहेत’ एवढेच लिहिलेले असते आणि उत्तर देणाऱ्याला ज्योतिष सांगावे लागते.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे त्याच्या मागोमाग येतात. टेल-ड्रॅगर, म्हणजे शेपटीखाली चाक असलेल्या विमानात महत्त्वाचा असतो तो कोन : सीजीतून खाली सोडलेला ओळंबा आणि सीजीपासून चाक जिथे जमिनीला टेकते त्या बिंदूकडे जाणारी रेषा, या दोहोंमधला. पूर्णाकृती विमानांच्या आराखड्यात हा कोन साधारण १६ ते २५ अंश ठेवतात. तुमचा कोन ६० भागिले २९० या हिशेबाने जेमतेम पावणेबारा अंश येतो. गवताने चाक जरा अडवले की सीजी चाकाच्या माथ्यावरून पुढे निघून जाणारच, त्यात वैमानिकाचा हात कितीही हलका असला तरी फारसा फरक पडत नाही. म्हणजे तुम्ही केलेल्या वाटणीत वैमानिकाच्या वाट्याला थोडे जास्तच आले आहे.

मात्र उलट टोकालाही जाऊ नये. चाके सीजीच्या फार पुढे गेली तर उतरताना चाके टेकताच मागे राहिलेले वजन शेपूट खाली ओढते, पंखाचा हल्ला-कोन (समोरून येणाऱ्या हवेशी होणारा कोन) वाढतो आणि विमान पुन्हा हवेत उसळी घेते. जमिनीवर धावताना भरकटण्याची ओढही वाढते, कारण सीजी जितका मागे तितका तो पुढे येण्यासाठी अधिक धडपडतो. स्पिटफायरसारख्या अरुंद पायांच्या विमानाला मी १५ ते १८ अंशांच्या पुढे नेणार नाही. १७ अंश धरले तर आस सीजीच्या ८९ मिमी पुढे हवी, म्हणजे आजच्यापेक्षा सुमारे २९ मिमी आणखी पुढे.

आता हे २९ मिमी आणायचे कोठून, हा खरा प्रश्न आहे. रिट्रॅक्ट नसलेल्या विमानात तार थोडी पुढे वाकवली की काम संपते. रिट्रॅक्टमध्ये मात्र पायाच्या टोकाशी केलेला प्रत्येक बदल पाय मिटल्यावर पंखात कुठेतरी उगवतो. तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत आणि दोन्हींची किंमत वेगवेगळी आहे.

पहिला मार्ग म्हणजे युनिटखाली पाचर घालून संपूर्ण युनिट तिरके करणे. १९० मिमी लांबीच्या पायाला २९ मिमी पुढे आणण्यासाठी साधारण पावणेनऊ अंशांची पाचर लागेल. यातली गंमत अशी की तुमचे युनिट ९० अंशांचे असल्यामुळे मिटलेला पाय पंखाच्या लांबीच्या दिशेनेच पडतो, त्यामुळे चाकाचा मध्य खोबणीत जिथे होता तिथेच राहतो. बदलतो तो चाकाचा कल. बिजागराची आस पुढच्या बाजूने वर उचलली गेल्यामुळे मिटलेल्या चाकाची पुढची कड वरच्या आवरणाकडे चढते आणि मागची कड खाली डोकावते. १०० मिमी व्यासाचे आणि ३० मिमी जाडीचे चाक पावणेनऊ अंशांनी कलले तर त्याला एकूण सुमारे पंचेचाळीस मिमी खोली लागते. तुमच्याकडे ३८ आहे, तेव्हा ते बसणार नाही. चार अंशांची पाचर घातली तर ३७ मिमी लागतात आणि पाय १३ मिमी पुढे येतो. हे जेमतेम बसते.

दुसरा मार्ग म्हणजे पाचर न घालता आस पायाच्या रेषेच्या पुढे बसवणे, म्हणजे खालच्या टोकाशी पुढे काढलेला आडवा ठोकळा वापरणे. यात चाक सपाटच मिटते, परंतु जितके पुढे काढाल तितके ते खोबणीतही पुढे सरकते आणि तुमच्याकडे स्पारपर्यंत फक्त १२ मिमी आहेत. त्यातले ८ वापरून ४ मोकळे ठेवावेत. स्पारला खाच पाडण्याचा मोह झाला तर तो तिथेच गिळून टाकावा.

दोन्ही एकत्र केल्यास १३ आणि ८ मिळून २१ मिमी मिळतात. आस सीजीच्या ८१ मिमी पुढे येते आणि कोन साडेपंधरा अंशांच्या थोडा वर जातो. तुमच्या पंखाला माझे उत्तर हेच आहे. १७ अंश आदर्श असले तरी पंखात जागा नसताना त्या दीड अंशासाठी भांडण्यात अर्थ नाही. मागची कड दोन-तीन मिमी डोकावलीच तरी वाईट दिसणार नाही, कारण स्पिटफायरच्या बहुतेक आवृत्त्यांत पाय मिटल्यावरही चाकाचा काही भाग उघडाच राहतो.

हे सगळे कागदावर न ठेवता पुठ्ठ्यावर करून पाहा. बिजागराच्या जागी पेन्सिल, पायाच्या जागी पट्टी आणि चाकाच्या जागी त्याच मापाची पुठ्ठ्याची चकती लावून ती पंखात फिरवा. आकडेमोडीत लपलेली चूक पुठ्ठा पाच मिनिटांत दाखवतो.

आणखी एक शंका विचारून ठेवतो. सीजीची २९० मिमी ही उंची तुम्ही मोजली आहे की नजरेने धरली आहे? अनेकांना सीजी पुढे-मागे मोजण्याची सवय असते, पण उंची कोणी मोजत नाही. विमान पायांसह नाकापाशी टांगून त्या बिंदूतून ओळंबा सोडावा आणि त्याची रेषा धडावर पेन्सिलने ओढावी. तोल साधणाऱ्या नेहमीच्या उभ्या रेषेला ती जिथे छेदते तिथे सीजी असतो.

---

फिशप्लायर

ओळंबा यांच्या भूमितीशी मी सहमत आहे. मी फक्त पाय आणि बेअरर यांबद्दल लिहितो, कारण पंखातून उपटलेले बेअरर मी स्वतःच्या हातांनी तीनदा परत चिकटवलेले आहेत.

आधी भाराचा अंदाज घेऊ. हलक्या पूर्णाकृती विमानांच्या नियमांत लँडिंग गिअर सेकंदाला ७ ते १० फूट, म्हणजे २.१ ते ३ मीटर वेगाने खाली आदळण्यासाठी तयार करावे लागत असे. प्रमाण लहान झाले की वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने कमी होतो, त्यामुळे १/६ मॉडेलसाठी ३ मीटरचे सुमारे सव्वा मीटर प्रति सेकंद होतात. हा वेग ८ सेंटिमीटरवरून सोडलेल्या वस्तूचा. आपण सारे मूळ वैमानिकांइतके सफाईने उतरत असतो तर प्रमाणशीर ओलिओ अगदी पुरला असता. पण आपण जमिनीवर उभे राहून, लांबून आणि तिरक्या नजरेने विमान उतरवतो. म्हणून मी नेहमी १५ सेंटिमीटर धरून चालतो.

१५ सेंटिमीटरवरून ५.२ किलोचे विमान पडले आणि ओलिओ व टायर मिळून २० मिमी दबले, तर साध्या स्प्रिंगच्या हिशेबाने एकूण भार विमानाच्या वजनाच्या १७ पट होतो. म्हणजे प्रत्येक पायावर सुमारे ४४ किलोग्रॅम. हेच दबणे ४० मिमी झाले तर भार साडेनऊ पटींवर आणि प्रत्येक पायावर २५ किलोच्या खाली येतो. किती दबते ते असे निर्णायक असते, पायाचा जाडपणा त्यानंतर येतो. आधीच्या अपघातानंतर अनेक जण तार जाड करतात आणि पुढच्या वेळी पंखच फुटतो, त्याचे कारण हेच आहे. तारेचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. ३ मिमीच्या जागी ४ मिमीची तार घेतली की बळ सुमारे २.४ पट मिळते, पण ताठपणा तिपटीच्या वर जातो आणि धक्का तितक्याच थेटपणे पंखात शिरतो.

तरीही तुमच्या विमानाला मी ओलिओच सुचवेन, कारण उघड्या तारेचे वेटोळे स्पिटफायरच्या पायाला शोभत नाही आणि पाय मिटताना त्याला जागाही लागते. फक्त दोन गोष्टी लक्षात असू द्याव्यात. खऱ्या ओलिओत तेल आणि दाबाखालील वायू असतो आणि तेल धक्क्याची ऊर्जा गिळते. आपल्या ओलिओत बहुधा नुसती स्प्रिंग असते, ती घेतलेले सगळे परत देते आणि विमान चेंडूसारखे उडते. नळीत घट्ट सिलिकॉन ग्रीस भरल्याने हा दोष बराच कमी होतो. दुसरी गोष्ट म्हणजे स्प्रिंग अशी निवडावी की विमान स्थिर उभे असताना ती एकूण चालीच्या पाव ते तिसऱ्या भागाइतकी आधीच दबलेली असेल. अगदी न दबलेला पाय दिसायला बगळ्यासारखा दिसतो आणि गवताचे बारीक धक्केही झेलत नाही.

आता बेअरर. उभा भार पंखाला फारसा छळत नाही, छळतो तो मागे ओढणारा भार. गवतात चाक अडकून २० किलोचा झटका मागे बसला असे समजा. पाय १९० मिमी लांब आहे आणि युनिटच्या पुढच्या-मागच्या बोल्टांमध्ये साधारण ४० मिमी अंतर असते. तरफेच्या साध्या नियमाने पुढच्या दोन बोल्टांवर मिळून ९५ किलोची खेच येते. पायाचे टोक मागे जाते तेव्हा युनिटची पुढची बाजू खाली उपटली जाते आणि मागची बाजू पंखात दाबली जाते. तुमचा तुटलेला पंख अजून ठेवला असेल तर पाहा, पुढचे बोल्ट बेअररसह ओढले गेलेले दिसतील.

म्हणून बेअरर रिबच्या कडेला नुसते इपॉक्सीने टेकवू नयेत. दोन्ही बाजूंच्या रिब ३ मिमी बर्च प्लायच्या असाव्यात, त्यांत आरपार खाचा असाव्यात आणि बेअरर त्या खाचांतून पलीकडे किमान १० मिमी बाहेर यावेत. मग बेअरर उपटण्यासाठी गोंद सुटणे पुरेसे नाही, प्लाय फाटावा लागतो. या प्लाय रिब स्वतः मुख्य स्पार आणि मागचा स्पार या दोहोंना बांधलेल्या हव्यात, नाहीतर बेअरर शाबूत राहतात आणि रिबसकट सगळा डबा बाहेर येतो. हेही मी पाहिलेले आहे. बेअररसाठी मी १० मिमी बीच लाकूड किंवा दोन थरांचा ६ मिमी बर्च प्लाय वापरतो. बाल्सा आणि हलका प्लाय इथे चालत नाही. बोल्टांसाठी बेअररच्या वरच्या बाजूने टी-नट (लाकडात रुतणारे नट) बसवून त्यांच्या कडेला इपॉक्सी लावावे. थेट लाकडात पिळलेले स्क्रू तीन-चार वेळा काढ-घाल केली की पकड सोडतात.

एवढी मजबुती केल्यावर मुद्दाम एक कच्चा दुवा ठेवावा. मागचे दोन बोल्ट पोलादी आणि पुढचे दोन ३ मिमीचे नायलॉनचे. झटका मर्यादेबाहेर गेला की पुढचे नायलॉन तुटतात, पाय मागे झुकतो आणि पंख वाचतो. किती झटक्याला तुटतात हे मैदानावर शिकण्यापेक्षा पंख टेबलाला आवळून आसेला ताणकाटा लावून एकदा ओढून पाहावे. नायलॉन जुने झाले की ठिसूळ होते, तेव्हा दर मोसमात बदलावे.

पायाची पोलादी तार किंवा आस वाकवायची झाल्यास थंडच वाकवावी आणि बाक तारेच्या व्यासाच्या दुप्पट-तिप्पट त्रिज्येचा ठेवावा. लाल होईपर्यंत तापवलेली पियानो वायर नंतर साध्या खिळ्यासारखी वागते.

---

बाल्साभुसा

दोघांचेही मनापासून आभार. तुटलेला पंख अडगळीतून काढून पाहिला. पुढचे दोन्ही बोल्ट बेअररचा पापुद्रा घेऊन निघालेले आहेत आणि मागच्या बोल्टांपाशी बेअरर रिबमध्ये दबलेला आहे. फिशप्लायर यांनी न पाहता वर्णन केले, तसेच.

सीजीची उंची मी नजरेनेच धरली होती, हे कबूल करतो. उद्या टांगून मोजतो. पण चाकांमधील अंतराचा माझा प्रश्न राहून गेला. मॉडेलसाठी पंखविस्ताराच्या चौथाईइतके अंतर असावे असा ढोबळ नियम मी ऐकला आहे. त्या हिशेबाने ते ४६७ मिमी हवे, माझे २९० आहे. शिवाय चाके किंचित आत वळवावीत, म्हणजे टो-इन द्यावा, असेही सर्वत्र सांगितले जाते. ते कितपत खरे आहे?

---

गवतपट्टी

अंतराबद्दल आधी लिहितो. स्पिटफायरच्या मूळ चाकांमधील अंतर सुमारे १.७४ मीटर, म्हणजे पंखविस्ताराच्या साडेपंधरा टक्के. हे विमान जमिनीवर नाजूक होते ते याच कारणाने. मेसरश्मिट बीएफ १०९ चीही तीच गत होती, कारण तिचे पाय धडाला जोडलेले होते. त्यामुळे पंख काढले तरी विमान स्वतःच्या चाकांवर उभे राहू शके, पण चाके जवळ आली. याउलट हरिकेन आणि फॉके-वुल्फ १९० यांचे पाय पंखात बाहेर बसवलेले आणि आतल्या दिशेने मिटणारे होते, म्हणून ती जमिनीवर अधिक ठाम उभी राहत.

तुमच्या मॉडेलला याचा अर्थ काय? पूर्णाकृती आराखड्यात कडेला उलटण्याचा एक कोन मोजतात. चाक आणि शेपटीचे चाक यांना जोडणारी रेषा, तिच्यापासून सीजीचे आडवे अंतर आणि सीजीची उंची यांवरून तो निघतो आणि तो ६३ अंशांच्या आत असावा असा संकेत आहे. शेपटीचे चाक मुख्य चाकांच्या एक मीटर मागे धरले तर तुमचा कोन ६५-६६ अंश येतो. मर्यादेच्या थोडा बाहेर, पण भयंकर नाही. व्यवहारात सांगायचे तर सेकंदाला ५ मीटर वेगाने धावताना सुमारे पावणेसहा मीटरहून कमी त्रिज्येचे वळण घेतले तर पंखाचे टोक टेकेल. वळताना वेग निम्म्यावर आणला की हीच त्रिज्या दीड मीटरच्या आत येते.

म्हणून लबाडी करू नये असे माझे मत आहे. बाहेर मिटणाऱ्या पायाचे बिजागर बाहेर नेले की चाकही तितकेच बाहेर जाते आणि तिथे पंख आणखी पातळ असतो. तुम्ही तर आत्ताच एकेका मिलिमीटरसाठी झगडत आहात. चौथाईचा नियम शिकाऊ विमानांसाठी उत्तम आहे. स्पिटफायरला लावला तर समोरून पाहणाऱ्याला पहिल्या नजरेत काहीतरी चुकल्यासारखे वाटेल आणि इतके कष्ट करून बांधलेल्या विमानाचे सारे रूप त्या दोन पायांत हरवेल.

आता टो-इन. इथे माझे मत बहुमताच्या थोडे विरुद्ध आहे. समजा, विमान धावताना डावीकडे वळले. वस्तुमान सरळच जाऊ पाहते, त्यामुळे उजव्या चाकावर भार वाढतो. त्या चाकाला टो-इन असेल तर ते प्रवासाच्या दिशेला अधिक आडवे येते. त्याने दोन गोष्टी घडतात. चाकाचा अडथळा वाढतो आणि तो नाक उजवीकडे परत ओढतो, हे हिताचे आहे. पण त्याच वेळी टायरची आडवी पकडही वाढते, ती चाकाला डावीकडे ढकलते आणि चाक सीजीच्या पुढे असल्यामुळे नाक आणखी डावीकडे जाते. हे घातक आहे. अडथळ्याच्या तरफेचा हात म्हणजे चाकांमधील अर्धे अंतर, तुमच्याकडे १४५ मिमी. आडव्या पकडीचा हात म्हणजे आस आणि सीजीमधील अंतर, तुमच्याकडे ८१ मिमी. गवतावर टायरची आडवी पकड कमी आणि अडथळा जास्त असतो, म्हणून तिथे टो-इन फायद्याचा ठरतो. डांबरी धावपट्टीवर पकड वरचढ होते आणि तोच टो-इन विमानाला गोल फिरवतो. घरी बांधलेली पूर्णाकृती टेल-ड्रॅगर विमाने उडवणाऱ्यांत शून्य किंवा किंचित टो-आउट (चाके बाहेर वळवणे) पसंत करणारे पुष्कळ आहेत, ते याच कारणाने.

तुम्ही गवतावर उतरत असाल तर एक अंश टो-इन द्यावा, दोनच्या वर जाऊ नये. आणि तो मोजताना एक मेख लक्षात घ्यावी. चाके उभ्या रेषेपासून बाहेर किंवा आत झुकलेली असतील तर शेपूट टेकल्यावर टो-इन बदलतो. चाकांचे माथे पाच अंश बाहेर झुकलेले असतील आणि शेपूट टेकल्यावर विमान १३ अंश तिरके होत असेल, तर टो-इन सुमारे एक अंशाने वाढतो. माथे आत झुकलेले असतील तर तितकाच कमी होतो. म्हणून शेपूट वर आणि शेपूट खाली अशा दोन्ही स्थितींत दोन लांब पट्ट्या चाकांना टेकवून मोजावे. ओलिओच्या कातरी-दुव्यात (नळीला पिळण्यापासून रोखणाऱ्या दुव्यात) ढिलाई असेल तर मात्र ही सगळी मोजणी व्यर्थ आहे. चाक हाताने पिळून पाहा. तीन-चार अंश सहज हलत असेल तर आधी ती पिन बदला.

---

ओळंबा

गवतपट्टी यांचा टो-इनचा मुद्दा मला मान्य आहे. फक्त डांबरावर मी एक अंश टो-इन असलेले विमान तीन वर्षे उडवले आणि ते कधी गोल फिरले नाही. अर्थात त्या विमानाची चाके एकमेकांपासून बरीच दूर होती, त्यामुळे तुमच्या तरफेच्या हिशेबात ते कदाचित बसतेच.

शेपटीच्या चाकाबद्दल कोणी लिहिलेले नाही. ते रडरच्या (शेपटीच्या सुकाणूच्या) सर्व्होला, म्हणजे ते हलवणाऱ्या छोट्या मोटरला, ताठ तारेने जोडू नये, मध्ये दोन हलक्या स्प्रिंग असाव्यात, नाहीतर खड्ड्यातला प्रत्येक धक्का सर्व्होच्या दात्यांवर जातो.

---

बाल्साभुसा

आठ दिवसांनी हिशेब देतो. टांगून मोजल्यावर सीजीची उंची २९० नव्हे, २७८ मिमी निघाली. म्हणजे ८१ मिमीवर कोन सव्वासोळा अंश झाला आणि माझ्या नजरेची चूक या वेळी माझ्या बाजूने पडली.

पुठ्ठ्याची चकती फिरवून पाहिली. चार अंशांच्या पाचरीने चाकाची पुढची कड वरच्या आवरणाला टेकत होती, कारण मी ३८ मिमी खोली खोबणीच्या मध्यावर मोजली होती आणि पुढे एका आडव्या पट्टीमुळे ती ३६ च आहे. पट्टी घासून पातळ केली आणि युनिट खालच्या बाजूला एक मिमी उतरवले. आता मागची कड दोन मिमी डोकावते. ओळंबा यांच्या सांगण्यावरून तिला मी मूळ विमानाशी इमान म्हणतो.

प्लायच्या रिब स्पारांना बांधून बेअरर खाचांतून पलीकडे काढले आहेत. उद्या पंख टेबलाला आवळून पुढचे नायलॉन बोल्ट ताणकाट्याने तोडून पाहणार आहे. त्यानंतर खालचे आवरण चिकटवेन. त्याआधी आणखी काही तपासायचे राहिले असेल तर कृपया सांगावे.

---

फिशप्लायर

दोन गोष्टी. बेअररच्या जागी पंख आवळताना शिकंजा रिबवर नको, स्पारवर लावा, नाहीतर परीक्षा बेअररची न होता रिबची होईल.

आणि विमानाचा तोल चाके मिटवून तपासा. तुमचे पाय मिटताना चाके २१ मिमी मागे येत नाहीत. पाचरीमुळे पुढे आलेले १३ मिमीच मागे येतात, आसेचे ८ मिमी मिटल्यावरही पुढेच राहतात. दोन्ही पायांचे खालचे भाग मिळून ४०० ग्रॅम असतील तर ५.२ किलोच्या विमानात सीजी एक मिमी मागे सरकतो. एवढ्याने काही बिघडत नाही, पण तुम्ही सीजी आधीच मागच्या मर्यादेवर ठेवला असेल तर पहिल्या उड्डाणात चाके मिटताच ते जाणवेल.

---

बाल्साभुसा

सीजी सध्या मर्यादेच्या ६ मिमी पुढे आहे. शिकंजा स्पारवर हलवतो.